शिंगाड्याचा उजेड

३ नोव्हेंबर
पेपरात उर्वशीचा फोटो. अर्धं पान! शिंगाड्याच्या साली पाण्यात घालून, जाड स्टीलच्या बंद भांड्यात दोनशे डिग्रीला शिजवल्या म्हणे. त्यातून निघालेले अतिसूक्ष्म कण पेशींत शिरतात आणि अल्ट्राव्हायोलेट उजेडात चमकतात. आजारी पेशी डॉक्टरांना दिसाव्यात म्हणून.
मला आनंदच झाला. कॉन्व्हेंटमध्ये केमिस्ट्रीत पहिली मी यायची, ती दुसरी. पेपरवाल्यांनी एवढं तरी विचारायचं.

४ नोव्हेंबर
ठरलं. मीही करणार. रविवारी ती नागपूरहून चहाला येते आहे. समोर बाटली ठेवायची, बोलायचं काही नाही.
कारध्याच्या शिंगाडेवाल्या सखाबाईकडे नुसत्या साली मागितल्या. म्हणाली, "काहून जी मॅडम, दात दुखून राहिले का?"
आपला कुकर एकशेवीस डिग्रीच्या वर जात नाही. हरकत नाही. शिट्ट्या जास्त काढू.

५ नोव्हेंबर
चाळीस शिट्ट्या. यांनी वरणाची चौकशी केली. विज्ञानासाठी कुणीतरी उपाशी राहतंच.
पाणी चहासारखं झालं. मलमलीतून गाळलं. जंतू नकोत म्हणून मलमल रात्रभर दुप्पट पावडरमध्ये भिजवली होती. घाईत एकदाच खळबळली. माझ्याइतके पांढरेशुभ्र कपडे जवाहरनगरच्या एकाही क्वार्टरमध्ये नसतील. सिस्टरांची शिकवण.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ
किराणावाल्या तुलारामचा नोटा तपासायचा टॉर्च आणला. चमकलं! निळं! डोळ्यांत पाणी आलं. शाळेत मी आणि उर्वशी एकाच डब्यात जेवायचो, ते आठवलं. तिचं मन दुखवायचं नाही. तिच्या पुढच्या शोधनिबंधात माझं नाव नसलं तरी चालेल. पहिलं असलं तर बरं.

९ नोव्हेंबर, रविवार
उर्वशीने बाटली बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, त्याच मलमलीतून नुसतं पाणी गाळ.
ते जास्त चमकलं.
तिने टॉर्च फिरवला. मलमल, टेबलक्लॉथ, यांचा बनियन, माझी साडी, सगळं घर पेटल्यासारखं निळं.
"अगं तारे, ही धुण्याच्या पावडरची चमक. कपडे पांढरे दिसावेत म्हणून तिच्यात चमकणारं द्रव्य घालतात." मग तोंडावर हात ठेवून हसली, अगदी शाळेतल्यासारखी. "माझ्या लॅबचे ॲप्रन धुवायला देऊ का तुझ्याकडे?"
मीही हसले. जाताना तिला मिठी मारली.
ती गाडीत बसताना टॉर्च हळूच तिच्या पांढऱ्या साडीवर मारून पाहिला.
अगदीच मिणमिण.