आज कढई चढवू नकोस

ओपा, ताई गं,

नान फडक्यात गुंडाळून ठेवलेत, ऊन आहेत तोवर खा. आज गुरुवार असला तरी गेलेल्या आईच्या नावानं तेल तापवू नकोस. हसू नकोस, पुढचं वाच.

बुबुळावरचा पडदा पातळ होऊन पुढे आल्यापासून मला एकाचे दोन दिसतात. दर गुरुवारी आईसाठी भरून ठेवलेल्या प्याल्यापाशी कुणीतरी धूसर बसलेलं दिसायचं, तेव्हा तू म्हणायचीस, "आधी डोळे चोळणं सोड गं बाई!" मलाही ते पटायचं.

पण गेल्या गुरुवारी ताश्कंदहून आणलेली ती कडक लेन्स मी घातली होती. किटली एक, दिवा एक, तू एक. प्याल्यापाशीही एकच माणूस, अगदी स्वच्छ. आई नव्हती. तुझे जुराबेक, आमचे भाऊजी, होते.

तेलाच्या वासाला मेलेलेच घरी येतात, हे तूच मला शिकवलंस. भाऊजींचा दोन महिने फोन नाही. त्यांना रशियात कझानला कामाला नेणाऱ्या मुकादमाकडे मी नंबर मागायला चाललेय. त्यांचा आवाज ऐकेपर्यंत कढई चढवू नकोस.

घरात ते बूट घालून कधी आले नाहीत, ओपा. आपल्याकडे जर्दाळू फुललेत, आणि त्यांच्या बुटांवर बर्फ होता.

मुनिस