मामींचं यंत्र आणि सरासरी पाच वर्षं

ता. ४ जून

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

झोपेत तुझ्या मामीचा श्वास अडतो, म्हणून ती जे यंत्र लावते, त्याच्या कागदावर ‘सरासरी आयुष्य पाच वर्षं’ असं छापलंय. येत्या महिन्यात पाच भरतात. म्हणजे तेव्हा ते बंद पडणार का? दुकानदार म्हणतो, चालतंय तोवर चालवा. हे काय उत्तर झालं? मी तिच्या उशाशी खुर्ची टाकून जागा असतो. परवा गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्या. कारखान्यात पंप किती टिकतात हेच तू तपासतेस ना? मग मामाला नीट समजावून सांग. वाट पाहतोय.

तुझा मामा

ता. ११ जून

ती. मामांना सा. न. वि. वि.

सरासरी म्हणजे दुधाच्या पिशवीवरची तारीख नव्हे. आम्ही ‘विश्वासार्हता फलन’ मांडतो. शंभर यंत्रं एकदम सुरू केली, तर अमुक काळानंतर त्यातली किती चालू असतील, याचा तो उतरता आलेख. बिघाड झिजेने नाही, अवचितच होत असतील, तर सरासरी गाठेपर्यंत सदतीसच उरतात. पण घाबरू नका! तुमचं त्या सदतीसांतलं, आणि अशा यंत्राला वय नसतं. पुढच्या वर्षाची खात्री अगदी नव्याइतकीच. कळलं ना? मामींना नमस्कार. लोभ आहेच, चिडून कमी करू नका.

बबडी

ता. १७ जून

चि. बबडीस आशीर्वाद.

काही कळलं नाही. सरासरी पाच, मग पाचाला सदतीसच कशी? आणि जुनं नव्याइतकंच म्हणतेस, तर माझ्या शिलाई मशीनचा पट्टा दर दोन वर्षांनी का तुटतो? मामीला तुझं पत्र वाचून दाखवलं. पोरगी हुशार आहे, पण मला झोपू द्या, म्हणाली. मला मात्र ते सदतीस सारखे दिसतात. उलट टपाली लिही.

तुझा मामा

ता. २४ जून

ती. मामांना सा. न. वि. वि.

सरासरी वर खेचतात ती फार वर्षं टिकणारी मोजकी यंत्रं. पण तुमच्या पट्ट्याने माझी पंचाईत केली. आमच्या साहेबबाई म्हणाल्या, झिजणाऱ्या भागांना तो नियम लागू नाही, आणि तुमच्या यंत्रातली मोटर झिजते. म्हणजे मी भलताच आलेख लावला. खरा कोणता, ते तशी यंत्रं किती किती वर्षांनी बंद पडली हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. शेजारी दुसरं ठेवलंत, तर दोन्ही एकदम बिघडणं अवघड. पण वीज गेली तर? मामा, आता मीच गोंधळलेय. जरा झोपत जा. माया असू द्या.

बबडी

ता. २ जुलै

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

पत्र मामी लिहितेय, घाबरू नकोस. परवा दुपारी तुझे मामा पेंगत दुकानाच्या पायरीवरून पडले. मनगट मोडलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, झोप का नाही? यांनी यंत्राचं, सदतीसांचं, सगळं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, बंद पडलं तर या घोरतील, दचकून जाग्या होतील, सकाळी डोकं दुखेल. एका रात्रीने जीव जात नाही. बिघडलं की दुरुस्त करून आणा.

हे आम्ही इतक्या वर्षांत कुणाला विचारलंच नव्हतं. तुम्ही दोघं यंत्र कधी थांबेल ते मोजत बसलात. थांबलं तर माझं काय होईल, हे राहूनच गेलं. बाईंचं ऐकून तुझे मामा तिथेच बाकावर बसून रडले. मला वाटलं, हात दुखतोय.

तुझा आलेख मला अजून कळलेला नाही. यांना कळला म्हणतात, पण समजावायला लागले की स्वतःच अडकतात. काल खुर्ची बाहेर नेली आणि यांना बळेच झोपवलं. इतके घोरले, की यंत्र चालू होतं की बंद, मला ऐकूच आलं नाही.

सवड काढून ये. तोवर आमच्यावर जीव राहू दे.

तुझी मामी