बंदुकीचे पाय

९ सप्टेंबर, मंगळवार

आली डुकरं! वरच्या खाचरात शिरली नि नाकाने बांध उकरून पाडला. पाणी सगळं वाहून गेलं. खुरांवरून पाच-सहा तरी असतील. गेल्या वर्षी निम्मं भात डुकरांनी खाल्लं, निम्मं आम्ही. यंदाही तसंच झालं तर इंद्रायणी पिकवणाऱ्या घरात तांदूळ विकतचा येईल.

हे सकाळीच पौडला गेले. सासऱ्यांच्या मागे रायफल ह्यांच्या नावावर झाली, पीक राखायचा परवाना आहे, तो नवा करून घ्यायचाय. डुकरांसाठी वनखात्याकडेही अर्ज टाकायचाय. निघताना माझे दोन फोटो नि आधारची झेरॉक्स घेतली, वर चार ठिकाणी सह्या मागितल्या. कशाला म्हटलं, तर म्हणे घरच्यांची माहिती लागते. मी वाचल्याशिवाय सही करत नाही. पहिल्या फटक्यात मॅट्रिक झालेली बाई आहे. पण दूध उतू चाललं होतं. केल्या.

ह्यांचा उजवा हात थरथरतो. लिहायचं नव्हतं, पण इथे नाही तर कुठे लिहू? चहाची बशी आता डाव्या हातात धरतात. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. हे कुणाला सांगत नाहीत, कळलं तर रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागेल. शेजारच्या कोंडाबाईने ओळखलंय, म्हणजे सगळ्या रिहे गावाला कळलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

पार्सल आलं. अमोघरावांनी पाठवलंय — आमच्या लेकीचे, सृष्टीचे यजमान, नेऱ्याला राहतात, हिंजवडीत कंपनीत आहेत. आत बायपॉड म्हणजे रायफलीच्या नळीखाली लावायचे दोन पाय! टेकवून मारली की नळी हलत नाही म्हणे. गणपतीत ह्यांचा हात बघितला असणार. बोलले नाहीत काही, पाय पाठवले. गुणी जावई. पण अडीच हजार! आमच्या खाटेला चार पाय आहेत, ती एवढ्याला नव्हती.

पितृपंधरवडा चालू आहे. नवी वस्तू उघडायची नाही. खोकं फडताळावर, तांदळाच्या डब्यामागे ठेवलं.

१४ सप्टेंबर, रविवार

सृष्टी नि अमोघराव जेवायला आले. जेवताना त्यांनी फोनवर पायांचे प्रकार दाखवले. सपाट रानाला आखूड, उताराला एक पाय लांब होणारा, गवत उंच असेल तर बसून मारायला उंच. "आई, टेरेन बघून निवडावा लागतो." डुक्कर त्यांनी फोनमध्येच बघितलंय, पण अभ्यास दांडगा. खोकं उघडू या म्हणत होते. मी म्हटलं, सर्वपित्री होऊ द्या. दहा दिवसांत परत करता येतो असंही काही सांगत होते. जावयाला उलट बोलू नये, म्हणून मी आणखी भात वाढला.

१६ सप्टेंबर

पुन्हा आली. खालचं खाचर.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सासऱ्यांची तिथी. पान पडवीच्या कौलांवर ठेवलं. तासभर झाला तरी कावळा शिवेना! समोर आंब्यावर तीन बसले होते, नुसते बघत. ह्यांनी हात जोडले, बाबा शेत राखीन म्हणाले. काही नाही. बांध पुन्हा घालीन म्हणाले. काही नाही. सृष्टीला वरचेवर माहेरी आणीन — तेही नको. मग ह्यांनी घसा खाकरला.

"बाबा, रायफल घरातच ऱ्हाईल. ठाण्यात जमा करणार न्हाई."

आणि कावळा आला! एक आला तसे तिन्ही आले. माझे डोळे भरून आले. कोंडाबाई कुंपणाशी शेळ्या घेऊन उभी होती, ती म्हणते, "माजं कुत्रं उठून गेलं, तवा आलं ते."

असेल. पण शब्द दिला तो दिला. ठाण्यात ठेवली तर भात गेलं. घरात ठेवली तर मारणार कोण, त्या हाताने? हे दुपारी जेवले नाहीत नीट.

२० सप्टेंबर, शनिवार

माझी तुळशीची माळ. अंडंसुद्धा चुलीवर चढत नाही. देवळात महाराजांना विचारलं, वराह हा विष्णूचा तिसरा अवतार, मग त्या रूपावर गोळी झाडायची कशी? ते म्हणाले, पीक राखणं हा शेतकऱ्याचा धर्म, बाकी सगळी त्याची इच्छा. म्हणजे उत्तर दिलंच नाही.

घरी येऊन मी माझ्यापुरतं ठरवलं. पाप झाडणाऱ्याचं. घरातल्या बाकीच्यांना लागत नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा विचार करायला नको.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

घट बसवला, माळ चढवली, मग खोकं उघडलं. वरच कागद — परत करायची मुदत २१ सप्टेंबर. कालपर्यंत!

ह्यांनी कागद घडी करून खोक्यात परत ठेवला. पितरांपुढे अडीच हजार काय मोठे, असं दोनदा म्हणून बघितलं. पटलं नाही.

वस्तू काळी, स्प्रिंगा लावलेली, पाय फाकवले की नाकतोड्यासारखी दिसते. रायफलीच्या पट्ट्याच्या कडीत बसवायला ह्यांना सकाळ लागली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बांधावर बघितलं. रायफल रिकामी, ह्यांनी दोनदा उघडून दाखवली. मग मला म्हणाले, "तू पालथी पड, मी लांबनं बघतो सरळ बसलीया का." पोतं अंथरून पडले. दस्ता खांद्याला, डोळा नळीच्या टोकाच्या माशीवर. तेवढ्यात डावा पाय चिखलात गेला नि नळी आभाळाकडे! कोंडाबाई शेळ्या घेऊन निघालेली. "रजने, हितं का पडलीस? भांडलात व्हय?"

नऊवारी धुवायला दोन बादल्या पाणी.

२४ सप्टेंबर, बुधवार

डोंगराच्या कातळावर गेलो. तिथे चिखल नाही, पण पाय घसरतात, लोखंड दगडावर किर्र करतं. मग शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढलो. तिथे बांबूंच्या फटीत पाय अडकला, काढताना माळा हलला, माझा जीव खाली. तीन जागा, तिन्हीकडे वेगळं रडगाणं. अमोघरावांचं टेरेन खरं निघालं म्हणायचं.

सगळीकडे मीच पालथी. ह्यांची पाठ धरलीये म्हणे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पाय लांब-आखूड करून बघितले. एका खुणेवर ह्यांच्या खांद्याला अगदी बरोबर बसली. मी म्हटलं, झालं, आता हलवू नका. तर म्हणाले, "न्हाई. उंच व्हतंय."

"तुम्हाला तर नीट बसतंय की."

"उंच व्हतंय म्हनलं ना."

मग मला पुन्हा पालथी पाडून खांद्यापासून जमिनीपर्यंत वीत लावून मोजलं. आखूड करायला गेलं तर स्प्रिंग पुढे जाईना. शेवटी म्हणाले, आपणच करू. तीस वर्षं संसार केला, पण हा माणूस कशावर अडेल सांगता येत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

ह्यांनी बांबूच्या दोन काठ्यांची कैची बांधली. चिखलाचं उत्तर मी काढलं! करवंट्या! दोन करवंट्यांना डोळ्यांतून भोक पाडून काठ्यांच्या टोकांना बांधल्या. पाय रुतत नाही, करवंटी चिखलावर बसते, बदकासारखी. कातळावर जायचं तर करवंट्या काढायच्या नि सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा. माळ्यावर दोन्हींखाली पाट. खर्च शून्य. नारळ घटाचे नव्हेत, आधीचेच.

काठ्या मात्र माझ्या उंचीला कापल्या. ह्यांना मान वाकवावी लागेल. सांगितलं. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

२८ सप्टेंबर, रविवार

सासरे फौजेत असताना शिकलेली परीक्षा ह्यांनी घेतली. रिकाम्या रायफलीच्या नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचं नि चाप ओढायचा. नाणं पडलं तर हात हलला. मी ओढला — नाणं जागच्या जागी. पुन्हा ओढला. पाच वेळा. मी म्हटलं, बघा, करवंट्यांची करामत!

मग हे पडले. नाणं खणकन खाली. पुन्हा ठेवलं, पुन्हा खाली. "खोकल्याची उबळ आली," म्हणाले. खोकले नव्हते. नाणं मी उचललं, ह्यांच्याकडे न बघता.

दुपारी अमोघराव आले. घाईने त्यांचा बायपॉड लावायला गेलो तर कडी अडकली. करवंट्या दिसल्याच. वाईट वाटेल असं वाटलं, पण त्यांनी फोटो काढले नि म्हणाले, "आई, हे ऑफिसात दाखवतो." त्यांचा बायपॉड आता देवघरात आहे. भिंतीला टेकवून पाय फाकवले की पोथी छान राहते, मान दुखत नाही. तेही सांगून टाकलं. हसले. गुणीच.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

विळे, कोयती, रायफल नि बांबूची कैची ओळीने मांडून हळदकुंकू वाहिलं. करवंट्यांना झेंडू. वराहदेवाची मनात माफी मागितली, ह्यांच्या वतीने. म्हटलं, देवा, शेताकडे फिरकला नाहीस तर सगळंच मिटतं.

दाणा भरायला लागलाय. वास येतो बांधावर.

३ ऑक्टोबर

एकादशी. साबुदाणा संपला, वरी केली.

६ ऑक्टोबर, सोमवार

पौडहून हवालदार आले, जयसिंग नावाचे. परवान्याची चौकशी. ओसरीवर बसवलं, म्हटलं मालक खाचरात आहेत, हाक मारते.

"मालकांचं झालं ठाण्यातच, ताई. चौकशी तुमची हाय."

माझी? कागद पुढे केला. परवानाधारकाच्या वतीने शस्त्र वापरणारी व्यक्ती — सौ. रजनी सिद्धनाथ, वय बावन्न, शिक्षण दहावी. शेजारी माझा फोटो, रेशनकार्डावर असतो तसा रागावलेला. खाली माझी सही. चार ठिकाणी.

उठून चहा ठेवला. हवालदार आत ऐकू येईल असे विचारत होते. गुन्हा दाखल आहे का? नाही. कुणाशी वैर? कुंपणापलीकडून कोंडाबाई, "माज्याशी हाय, रोजचं!" डोळे? पोथी वाचते, म्हटलं. हात थरथरतो का? मी तेव्हा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होते. दोन्ही कप काठोकाठ. त्यांनी बघितलं, मीही बघितलं. बशीत थेंब नव्हता. त्यांनी लिहून घेतलं.

हे आले ते हवालदार गेल्यावर. मी ताट वाढलं. न विचारता भाजी दोनदा वाढली. शेवटी हेच म्हणाले, "ईचारलं असतं तर न्हाई म्हनली असतीस."

"म्हटलंच असतं."

"मग?" नि डाव्या हाताने उजवा दाबून धरला. "दोन पाय जमलं गं. हात कुटनं आनू?"

मग दोघं जेवलो. नाणं अजून माझ्या चंचीत आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

वीस सप्टेंबरचं पान काढून वाचलं. पाप झाडणाऱ्याचं, माझंच अक्षर. खोडलं नाही. खाली एवढंच जोडलं — निम्मं शिकवणाऱ्याचं.