विहीणबाईंचं विमान

अल अमेरात, मस्कत
१२ फेब्रुवारी २०१४

अहो,

नमस्कार. मी खुशाल आहे, काळजी करू नका. फोनवर बोललेलं घरभर ऐकू जातं, म्हणून हे पत्र. गुडघ्याला तेल लावता ना?

आपल्या सागरच्या सासूबाईही इथे राहायला आल्यात. तरुणपणी त्या हवाईसुंदरी होत्या. तेव्हाची विमानं, आखातातून मुंबईला येणाऱ्या टपालाच्या थैल्या, ढगांतले गचके, हेच दिवसभर चालतं. नात त्यांना सोडत नाही. मी गरम घावन घेऊन उभी, तर शिवांगी म्हणते, "आजी, वेट हां!" खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट होतो.

काल राहवलं नाही. म्हटलं, "थैल्या विमानात टाकून काय होतं? त्यातली पत्रं चिपळुणात घरोघर कोणी पोचवली? तुझ्या पोस्टमन आजोबांनी. तीसुद्धा पुरातून!"

पोरगी उठून थेट माझ्या मांडीवर. "रिअली? मग काय झालं?"

म्हटलं, "पुढचं आजोबांच्याच तोंडून ऐक." विहीणबाई गालात हसत होत्या.

हे पत्र पोचेपर्यंत थांबते, मग पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तिला फोन लावून देते. तुम्ही पुरात कधी पाऊल घातलं नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण पाणी गळ्यापर्यंत होतं, असंच सांगा.

तुमचीच,
प्रेमा