बेवारस यादीतला आठचा फोन

ता. १२, मंगळवार, दुपारची सुट्टी

दादास,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहितात, म्हणून लिहिला. मी ठीक आहे. तू मजेतच असशील, तुला कोण जाब विचारायला येतंय!

हे पत्र ऑफिसच्या कामाचं आहे. माझं अक्षर बघून लगेच फाडू नकोस.

तू मला या कंपनीत चिकटवलंस तेव्हा मी पेट्या उचलायचो, तारा ओढायचो. तू आमच्याशी भांडून नोकरी, घर सगळं सोडून गेलास, त्याला तीन वर्षं झाली. मधल्या काळात मला बढती मिळाली. मी पाडायचं काम करतो. शिकलेली पोरं नवे प्रोग्राम बांधतात, कंटाळतात, निघून जातात. मागे त्यांचं सगळं सर्व्हरवर चालूच राहतं, बघायला कुणी नाही. ते पाडायला शिकलेला माणूस हात लावत नाही, म्हणून नववी नापासाला ठेवलं. आमच्या साहेबाला सगळे मुकादम म्हणतात. त्याने नियम पाठ करून घेतलेत. मालकाला तीन पत्रं टाकायची, जमेल त्या वाटेने शोधायचं. नाहीच सापडला तर प्रोग्राम सात दिवस नुसता बंद ठेवायचा आणि कोण बोंबलतंय ते बघायचं. बोंबललं तर चालू. नाही बोंबललं तर कायमचा पुसून टाकायचा.

गेल्या महिन्यात बेवारस यादीत तुझं नाव आलं. अकरा प्रोग्राम. दहा मेलेले. अकरावा जिवंत, रोज सकाळी आठला एकाच नंबरवर फोन लावणारा. नंबर वाचला. आईचा.

त्यातलं रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं. "आई, मी बोलतोय. प्रेशरची गोळी घे." मग तुझा तो खोकला. "वेळेवर जेव. ठेवतो."

म्हणजे हा तुझा रोजचा फोन! मी दर रविवारी फोन करतो, दवाखान्याच्या तारखा मी लक्षात ठेवतो, आणि ती मलाच ऐकवते, "दादाचा रोज येतो हो, न चुकता. तुझा आपला आठवड्यातून एकदा." शेजारच्या शिवणवाल्या काकूंनाही तेच. तू एकदा खोकून गेलास आणि तीन वर्षं गुणी ठरलास.

तुला तीन पत्रं टाकली. ऑफिसच्या ईमेलवर. तो तू गेलास त्याच दिवशी बंद झाला होता; बंद करायचा कागद मीच पोचवला होता. मावशीने आईला न सांगता दिलेला तुझ्या घराचा पत्ता वर्षभर माझ्या पाकिटात होता. फॉर्मवर लिहिलं, 'मालक सापडला नाही', आणि सही ठोकली.

मुकादमाने नाव वाचून विचारलं, "सख्खा भाऊ ना रे तुझा?"

म्हणालो, "कागदोपत्री."

मागच्या आठवड्यात सोमवारी प्रोग्राम बंद केला. मला वाटलं, आई घर डोक्यावर घेईल, मला फोन करून म्हणेल, दादाचा फोन येत नाही, बघ जरा. मग मी सांगणार होतो तुझा प्रताप. चार दिवस ती गप्प. शुक्रवारी न राहवून मीच फोन केला.

"काय गं, बरी आहेस ना?"

"बरी आहे. दादाचं काही कळलं का रे?"

मी म्हणालो, "मला काय विचारतेस? तुझाच तर रोज फोन होतो त्याच्याशी."

तिने ठेवला.

हे मी लिहिणार नव्हतो. लिहिलं गेलं. असू दे.

शनिवारी शिवणवाल्या काकूंचा फोन. आई न्हाणीत चक्कर येऊन पडली. डावं मनगट मोडलं. गोळ्यांच्या पाकिटातली सहा दिवसांत एकही गोळी काढलेली नव्हती.

मिळेल त्या गाडीने गेलो. खाटेशी बसून सांगून टाकलं, "आई, तो दादा नव्हताच. मशीन होतं. मी बंद केलं."

"मशीन आहे ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "खोकला रोज त्याच जागी यायचा. माणूस असा खोकतो होय?"

"मग उचलत कशाला होतीस? गावभर सांगत कशाला होतीस?"

"वाजतंय म्हणजे तो कुठेतरी आहे, चालू ठेवतोय, असं वाटायचं."

आणि मग ते वाजायचं थांबलं. सहा दिवस ती तू या जगातच नाहीस असं धरून बसली होती. मी म्हणालो, "मग सरळ विचारायचंस!"

"विचारलं की शुक्रवारी. तू चिडलास. मला वाटलं, तुला कळलंय आणि तू लपवतोयस. पुन्हा विचारलं असतं आणि तू सांगितलं असतंस तर?"

तू जिवंत आहेस आणि पत्ता माझ्या पाकिटात आहे, हे सांगितल्यावर तिने प्लास्टरचाच हात उचलून मला हाणला. चांगला लागला. तुझ्या वाटणीचाही मीच खाल्ला.

परत येऊन मुकादमाला सगळं खरं सांगितलं. मला पुन्हा तारा ओढायला घातलंय, ते बरोबरच आहे. प्रोग्राम सध्या चालू आहे. मुकादम म्हणाला, "तुझ्या नावावर करून घे, मग कुणी हात लावणार नाही." मी नाही म्हणालो. तुझा खोकला मी का सांभाळू? चालू राहिला तर तू आणखी तीन वर्षं लपशील, आणि ती त्यालाच मुलगा म्हणत राहील.

तीस तारखेला आठला तो शेवटचा वाजेल. मग मालक नाही म्हणून मुकादम स्वतः पुसणार आहे. आईला मी हे सांगितलेलं नाही. एक तारखेला आठ वाजता ती फोनपाशी बसलेली असेल, उजव्या हाताने उचलायला सोपा जावा म्हणून मी तो खिडकीत ठेवून आलोय. नंबर तोच आहे. माफी मागायची, भांडायचं, ते तुझं तू बघ. खोकला आला तर खोक. फक्त दुसऱ्या जागी.

नियमाने तीन पत्रं झाली. हे चौथं, आणि खऱ्या पत्त्यावरचं पहिलं.

तुला शोधायला निघालाच नव्हता तो,
धाकटा