येसाप्पाची हलगी

निपाणी, २४ डिसेंबर १९३२, संध्याकाळ

पाद्रीसाहेबांना तोंडावर सांगून आलो, उद्या नाताळच्या उपासनेत येसाप्पाची हलगी वाजणारच. ते म्हणाले, "मग मास्तर, उद्याचा उपदेश तुम्ही करायचा नाही." ठीक आहे. नाही करणार.

झोंबलं ते पुढचं. "हलगी गुलामीची खूण आहे, टाकून द्या, असं याच चर्चमध्ये तुम्हीच गरजला होता!" होय, गरजलो होतो. त्याच दिवशी म्हाताऱ्या येसाप्पानं हलगी खुंटीला टांगली. चार वर्षं तिथंच. माझ्या एका भाषणानं?

एवढी पुस्तकं वाचून मला जे कळलं नाही, ते येसाप्पानं परवा सरळ सांगितलं. "मास्तर, पाटलाच्या दारात वाजवायचो ते हुकूम आला म्हणून. येशूबाळ जन्मलं म्हणून वाजवीन, ते माझ्या मनानं. ह्यात गुलामी कुठं हाय?"

साहेबांची बाजाची पेटी पवित्र आणि आमच्या हलगीचं कातडं तेवढं विटाळलेलं? हे मी ऐकून घेणार नाही.

उपदेश गेल्याचं सांगितलं, तर म्हातारा हसला. "बरं झालं की. लई बोलता तुम्ही. सगळ्यास्नी येळेवर जेवाय मिळंल."

थंडीनं हलगीचं कातडं सैल पडतं, वाजवण्याआधी ते शेकावं लागतं. आवारात जाळ करायला साहेब मनाई करतील. करू देत. शेगडी मी घरून नेणार. ज्या तोंडानं हलगी टाकायला लावली, त्याच तोंडानं उद्या निखारे फुंकणार.