गॅसला लावलेलं विरजण

गुंद, तुळशीच्या लग्नाच्या आदला दिवस

तीर्थरूप आक्काच्या सेवेशी,

धाकट्या येसूचा गुंदहून वाकून नमस्कार. दाजींच्या पायांवर डोकंच ठेवलं असतं, पण गेला महिनाभर माझ्या अंगाला जो वास येतो त्यानं ते पाय मागं घेतील, तेव्हा तूर्त लांबूनच. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचं पित्त? इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. त्यातल्या त्यात म्हैस खरोखर खुशाल आहे. देवकी माझ्याशी कामापुरतं बोलते. आईचा खोकला कसा आहे हे विचारणार होतो, पण तुझ्या घरी गोबरगॅसची शेगडी, धुराचं नाव नाही, म्हणजे खोकला थांबलाच असणार. हे लिहिताना बरं वाटतं, अन् लगेच वाईटही वाटतं, की तो इथं माझ्या घरात का थांबला नाही.

आई तुझ्याकडं येऊन तीन आठवडे होत आले. गावात जो भेटतो तो विचारतो, "म्हातारी लेकीकडंच ऱ्हायली व्हय?" त्यातल्या 'च'वर जो जोर असतो तो माझ्यासाठी असतो. मी सांगतो, हवापालटाला गेलीय. गुंदचं जंगल सोडून खानापूरच्या बाजारपेठेत हवापालट, हे म्हशीलाही पटायचं नाही. शिवाय नवं भात घरात येऊन पडलंय. नव्याची खीर आजवर आईच्या हातची झाली, तिच्याशिवाय नैवेद्य दाखवायला माझा हात धजत नाही. म्हणून पोती तशीच बांधून ठेवलीत अन् आम्ही जुनंच खातोय. तेव्हा तिला लवकर पाठव, हे सांगायला पत्र. पण ती का गेली हे सांगितल्याशिवाय पाठव म्हणणंही बरं नव्हे, म्हणून सगळं सुरुवातीपासून लिहितो.

उन्हाळ्यात ब्लॉक कचेरीच्या योजनेतून आमच्या परसात गोबरगॅसचा खड्डा बांधला, वर लोखंडी टाकी उपडी घातली, हे तुला ठाऊक आहे. (दाजी तेव्हा म्हणाले होते की माझ्यानं हे निभणार नाही. मी ते विसरलो आहे असं त्यांना सांग.) गणपती झाल्यावर शेण कालवून खड्डा भरला. साहेबांनी बजावलं होतं, महिना दीड महिना लागेल, तुमच्या डोंगरातल्या गारठ्यात जास्तच, शांत बसा. शांत बसणं मला जमत नाही हे तू लहानपणापासून पाहत आलीस; आंब्याची आढी रोज उघडून बघणारा तो मीच. त्यात आईचा खोकला. पावसात भिजलेली लाकडं, चुलीसमोर फुंकणी घेऊन बसलेली आई, अन् ओसरीवर मी, टाकी वर येते का बघत. टाकी काही हलेना.

मग माझ्या डोक्यात आलं, की दुधाला विरजण लावलं की रात्रीत दही होतं, तर शेणाला का लावू नये? योग्य विरजण सापडलं पाहिजे, एवढंच. आता इथं तुझी माफी मागतो. तुझ्या गॅसच्या खड्ड्यातली वाहती मळी तू कॅनमध्ये भरून बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलीस, वर निरोप धाडलास की ही लाव, हेच विरजण. कॅन रामनगरला गाडी बदलताना सांडला होता अन् कंडक्टरनं मला सगळ्या गाडीसमोर उतरवून घ्यायला लावला. मला राग आला. कंडक्टरचा नव्हे, दाजींच्या खड्ड्यातलं शेण माझ्या खड्ड्याला शिकवणार ह्याचा. मी ठरवलं, आपलं विरजण आपण शोधायचं, अन् त्यांच्यापेक्षा जलद.

रामनगरच्या हॉटेलातून सरबताच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, जत्रेतले उरलेले फुगे आणले. प्रत्येक बाटलीत शेणकाला, त्यात एकेक वेगळं विरजण, अन् तोंडाला फुगा. ज्याचा फुगा आधी फुगेल तो जिंकला. एकात गूळ, एकात शिळी पेज, एकात ताक, एकात देवकीनं दोश्याला आंबवलेलं पीठ (तिला न विचारता), एकात वारुळाची माती. शेजारच्या धाकलूचं म्हणणं पडलं की जोर पाहिजे तर गव्याचं शेण, बांबू खाऊन दगड ढकलतो तो गडी. तो कुळगीच्या बाजूला जाऊन बादलीभर घेऊनही आला, तर वाटेत फॉरेस्ट गार्डनं अडवलं अन् विचारलं, पास आहे काय? दोघं तासभर रस्त्यात उभे राहून शेण हा जंगलाचा माल की गव्याचा ह्यावर बोलत होते. शेवटी गार्ड वासाला कंटाळून गेला. तुझ्या कॅनमधली मळी मी एका बाटलीत घातली खरी, पण ती ओळीत सगळ्यात शेवटी, सावलीत ठेवली. मनात पाप होतं, नाही म्हणत नाही.

गूळ अन् पेज दुसऱ्याच दिवशी फुगले. दोश्याचं पीठ तर असं फुगलं की फुगा फुटून ओसरीच्या आढ्याला ठिपके उडाले, ते अजून आहेत. ताकाचा फुगाही बऱ्यापैकी उभा राहिला. गव्यानं काहीच केलं नाही. तुझ्या मळीचा फुगा शेवटपर्यंत बाटलीच्या मानेवर ओल्या पायमोज्यासारखा लोंबत होता. मी धाकलूला दाखवून हसलो, ती बाटली गोठ्यामागं भिरकावली, अन् कॅन केळीच्या बुंध्यात ओतला. (केळीला घड लागलाय. येईल तेव्हा तुझाच.)

मग जिंकलेलं विरजण मोठ्या प्रमाणात केलं. गुळाच्या ढेपी, हंडाभर पेज, पीठ, असं सगळं खड्ड्यात ओतलं. (आणखी एक वस्तू ओतली. ती पुढं लिहीन, धीर झाला तर.) तिसऱ्या दिवशी टाकी हातभर वर आली. आक्का, त्या दिवशी मी गावात ज्या चालीनं हिंडलो ती आठवली की अजून कान तापतात. घरोघर सांगून आलो की संध्याकाळी या, बिनधुराचा चहा प्यायला या. आईसुद्धा कुंभारवाड्याला मामाकडं गेली होती, ती त्याच दुपारी परतली होती. तिला मी शेगडीसमोर पाटावर बसवलं, पातेल्यात चहाचं आधण ठेवलं, कॉक सोडला, काडी ओढून पुढं धरली. काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. पेटी संपत आली तेव्हा धाकलू मागून शांतपणे म्हणाला, "येसबा, तुजा ग्यास इझवायला लई बेस हाय. फारेस्टवाल्यांस्नी वीक, वणव्याला उपेगी पडंल." सगळे हसले. आई हसली नाही. ती उठली, चुलीत दोन लाकडं सारली, फुंकणी घेतली अन् खोकत खोकत त्या सगळ्यांचा चहा केला.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, डोळं चुरचुरत्यात, तुळजाकडं जाऊन येतो. मी बसपर्यंत तिचं गाठोडं घेऊन गेलो.

साहेब नंतर आले, टाकीजवळ उभे राहिले अन् नाकाला रुमाल लावला. त्यांनी सांगितलं ते असं, की गुळानं अन् पेजेनं फुगा फुगतो खरा, पण तो वारा पेटणारा नव्हे. पेटणारा गॅस करणारे जंतू वेगळे, ते सावकाश वाढतात, अन् खड्डा आंबट झाला की मरतात. मी त्यांना गोड घालून घालून मारलं होतं. मी कोण आधी फुगतं ते पाहत होतो. कोण जळतं ते एकदाही पाहिलं नाही. एवढ्या फुग्यांतल्या एकालाही काडी लावून बघावी हे मला सुचू नये, ह्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. आता चुना टाकून खड्ड्याचा आंबटपणा मारतोय, थोडं थोडं ताजं शेण घालतोय. अंगाच्या वासाचं कारण हे.

अन् परवा देवकी गोठ्यामागं गवत काढत होती, तिला ती भिरकावलेली बाटली सापडली. तुझ्या मळीची. उन्हात पडून होती, अन् तिच्यावरचा फुगा पेरूएवढा गोल झाला होता. देवकीनं फुग्याचं तोंड चिमटीत धरून त्यात बॉलपेनची रिकामी नळी खुपसली अन् मला म्हणाली, काडी लावा. लावली. गोकर्णीच्या फुलाएवढी निळी ज्योत लागली. आवाज नाही, धूर नाही. आम्ही दोघं बघत उभे राहिलो अन् ती विझली. देवकी गवत उचलून गेली. तिनं बोलायला हवं होतं असं मला वाटलं.

तर आक्का, मागणं असं, की तुझ्या खड्ड्यातली मळी पुन्हा एकदा पाठव, अन् आईला पाठव. दाजींना माझ्या वतीनं सांग की ते म्हणाले ते खरं झालं. त्यांच्या पित्ताला त्यानं उतार पडेल.

तुझा धाकटा भाऊ,
येसाजी

ता. क. कॅन ह्या खेपेला गळ्यापर्यंत भरू नको, झाकणाला फडकं बांध. ड्रायव्हरला तूप आहे म्हणून सांग. नाहीतर नको सांगूस, वाटेत उघडून बघेल.

आणखी एक ता. क. आता धीर झालाय. वर कंसात जी वस्तू लिहायची राहिली ती आईच्या विरजणाचं गाडगं. आई कुंभारवाड्याला गेली होती, देवकी शेतात होती. ताकाचा फुगा चांगला फुगला होता, अन् मला वाटलं, घरातलं सगळ्यात जुनं, सगळ्यात कसदार विरजण हेच. उद्यासाठी चमचाभरही न ठेवता सगळं ओतलं. लग्न होऊन आई ह्या घरात आली ती करवंटीत हेच विरजण घेऊन, वर पळसाचं पान बांधून. तेव्हापासून ते एक दिवस तुटलं नाही. गावात ज्यांनी नेलं त्यांनी कधी ह्याचं कधी त्याचं मिसळून त्याचं काहीतरी करून टाकलंय. देवकीनं घाबरून शेजारून आणून दही लावलं. त्या चहाच्या फजितीनंतर आई जेवायला बसली, ताकाची वाटी तोंडाला लावली अन् खाली ठेवली. "हे आमचं न्हाई," एवढंच म्हणाली. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. देवकीकडं तिनं पाहिलं तरी मी तोंड उघडलं नाही. सकाळी ती निघाली. तुला तिनं धुराचं कारण सांगितलं असेल तर तो तिचा मोठेपणा.

तुझ्या लग्नात आईनं तुझ्याबरोबर तेच विरजण दिलं होतं, अन् तू आईइतकीच हट्टी, दुसऱ्याचं कधी लावलं नाहीस. म्हणजे आमच्या घरचं ते आता फक्त तुझ्या घरी जिवंत आहे. गॅसचं एक अन् दह्याचं एक, दोन्ही विरजणं तुझ्याकडंच मागायची वेळ आली. दह्याचं मात्र बसनं पाठवू नको, आईच्या हातूनच येऊ दे. ती यायचं नाव काढत नसेल तर तुझ्या शेगडीचा कॉक बिघडला म्हणून सांग अन् चार दिवस बंद ठेव. धूर लागला की तिला घर आठवेल.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी देवकीनं पत्र मागून घेतलं अन् चुलीसमोर बसून वाचलं. वाचून हसली, ती महिन्याभरात पहिल्यांदाच. म्हणाली, "आत्ती रुसून गेल्या न्हाईत. इरजण आणाय गेल्यात. जाताना मला सांगून गेल्या, येसूला बोलू नको, जरा आंबू दे त्याला." मग इतके दिवस का राहिली, म्हणून मी विचारलं. देवकी फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "तितं रात्रीची झोप लागतीया त्यास्नी."

म्हणजे आई येणारच आहे. मी बोलावलं की उद्यासुद्धा येईल, करवंटीला पान बांधून येईल, अन् आल्या पावली ह्याच चुलीसमोर फुंकणी घेऊन बसेल. मला एक शब्द बोलणार नाही, नुसती खोकेल.

तेव्हा आक्का, वर जे लिहिलंय ते रद्द समज. कॉक बंद करू नको. आईला पाठवू नको. आधी मळीचा कॅन पाठव. ती घातल्यावर मी टाकीकडं रोज बघणार नाही, अन् इथं निळी ज्योत लागली, त्यावर चहा उतू गेला, की मग मीच तिला न्यायला येईन. किती दिवस लागतील ते साहेबांनाही सांगता येत नाही. नवं भात थांबेल. गावात विचारतील त्यांना सांगीन, व्हय, लेकीकडंच ऱ्हायलीया.

गाडगं घासून पालथं ठेवलंय. दूध रोज तापवतो, विरजण लावत नाही.